कळलावी दिसते, सर्पगंधा शोधावी लागते

श्रावणात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात झुडपांवर, बांबूच्या बेटांवर कळलावी फुलते. पानांच्या टोकांना फुटलेल्या ताणांनी चढणारी ही वेल लाल-पिवळ्या फुलांमुळे रस्त्यावरूनही ओळखू येते. सर्पगंधेचे तसे नाही. सावलीत गुडघाभर वाढणारे, लालसर देठांवर पांढरी फुले धरणारे हे झुडूप जाणकारालाही शोधावे लागते.

औषधशास्त्रावर दोघींचे ऋण आहे. कळलावीतले कोल्चिसिन गाऊटने सुजलेल्या सांध्यांवर आजही दिले जाते. सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे झाले आणि मुळांना जगभर मागणी आली.

येथूनच दोघींचे नशीब वेगळे झाले. कळलावीच्या बियांतही औषध असते. बी तोडल्याने वेल मरत नाही, शिवाय तमिळनाडूत तिची शेती होते. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेली ही वेल आययूसीएनच्या यादीत ‘किमान चिंता’ वर्गात आहे. सर्पगंधेचे औषध मुळात. मूळ खणले की झाड संपले, तेही अनेकदा बी पडण्याआधीच. १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटिस’ कराराचे नियंत्रण आहे. अर्थात जागतिक यादीतल्या ‘किमान चिंते’वर विसंबून कळलावीचेही कंद उपसत राहिलो, तर एखाद्या गावच्या रानातून ती नाहीशी व्हायला वेळ लागणार नाही.

दोन्ही वनस्पती खणल्या जातात त्या केवळ व्यापारासाठी नव्हे. कळा याव्यात म्हणून कळलावीचा कंद वापरण्याची जुनी समजूत तिच्या नावातच आहे. हा कंद जहरी आहे. पोटात गेल्यास उलट्या-जुलाब होतात, मग अस्थिमज्जा निकामी होऊन जीव जाऊ शकतो. सर्पगंधा साप चावल्यावर उगाळून देतात. विषावर तिचा उपयोग नाही. धानाच्या बांधीत साप चावलेल्याला प्रतिविष लागते, आणि मुळी शोधण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

वनहक्क कायद्याने गौण वनोपजाचा हक्क आणि रान राखण्याचा अधिकार ग्रामसभांना दिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाला सामूहिक हक्क २००९ मध्येच मिळाला. सर्पगंधेची फळे काळी पडून गळेपर्यंत कुदळ लावायची नाही, आणि खणलेल्या जागी बी पेरायचे, एवढा ठराव कोणतीही ग्रामसभा पुढच्या बैठकीत करू शकते.