पहिल्या वर्षातील स्वास्थ्य आणि रोजगारक्षमता

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच कौशल्याधारित विषयांना श्रेयांक, म्हणजे ठरावीक तासांच्या अध्ययनाचे मोजमाप, मिळू लागले, ही स्वागतार्ह बाब होय. मात्र रोजगारक्षमता, म्हणजे काम मिळवण्याची, टिकवण्याची आणि त्यात वाढत राहण्याची पात्रता, मनःस्वास्थ्यापासून वेगळी काढता येत नाही. तालुक्याच्या गावाहून पुण्यात येऊन कॉट बेसिसवर राहणारी, मराठी माध्यमातून बारावी झालेली विद्यार्थिनी वर्गात शंका विचारायचे टाळते, तेव्हा तिच्यात संवादकौशल्य नसते असे नव्हे; इंग्रजी चुकेल ही धास्ती, मेसचे थकलेले पैसे आणि आपुलकीने विचारपूस करणाऱ्या माणसाचा अभाव यांनी तिचा आवाज दबलेला असतो. संवादकौशल्याच्या विषयात ती उत्तीर्णही होईल, पण भीती तशीच राहील.

विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘दीक्षारंभ’ हा नवागतांसाठीचा परिचय-कार्यक्रम पहिल्या वर्षाच्या याच सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे. तो स्वागताच्या भाषणांत उरकणे म्हणजे संधी दवडणे होय. शिवाय, सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमण्याचा निर्देश दिला आहे. महाविद्यालयांनी ही नेमणूक केवळ कागदोपत्री न ठेवता समुपदेशकाची खोली आणि वेळ पहिल्याच आठवड्याच्या वेळापत्रकात छापावी, आणि त्याखाली ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा निःशुल्क क्रमांकही द्यावा.