दावे कोण सोडणार?

कापूस-ज्वारीच्या मुलखात पुराची गोष्ट काढली की माणसे हसतात. 'इथे जानेवारीत टँकर लागतो आणि तुम्ही पुराचे काय सांगता?' हे वाक्य आम्ही बैठकांतून इतक्यांदा ऐकले आहे की पाठ झाले आहे. आमचे म्हणणे असे, की ज्या माणसाला पुराची सवय नाही, त्यालाच पूर मारतो. कोल्हापुरात पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर फुटाफुटाने मोजले जाते. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका, हे तिथल्या पोराटोरांना ठाऊक. आपल्या गावच्या नाल्यावर असली पट्टी कोणी पाहिली आहे काय?

30 जुलै 1991 रोजी नरखेड तालुक्यातले मोवाड वर्धा नदीच्या पुरात बुडाले. दोनशेहून अधिक माणसे गेली आणि गाव पुढे उंचावर नव्याने वसवावे लागले. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेकाठी आणि परांडा-भूम भागात, म्हणजे खास दुष्काळी म्हणवल्या जाणाऱ्या मुलखात, माणसे छपरांवर चढून बसली होती. त्यांना काढायला हेलिकॉप्टर आणावे लागले.

यात दैवाचा कोप वगैरे काही नाही. काळी जमीन कोरडी असते तेव्हा भेगांतून पाणी पिते. एकदा भिजून फुगली की भेगा मिटतात, आणि मग पडेल तो थेंब उताराने नाल्यात जातो. वरच्या अंगाला पाझर तलावाचा बांध फुटला तर विचारूच नका. पाणी दोन दिवसांत नव्हे, दोन तासांत येते, आणि तुमच्या गावात पाऊस नसतानाही येते. तेव्हा विचार करायला वेळ उरत नाही. जे ठरवायचे ते आधी, कोरड्या दिवशी, घरातल्या बायामाणसांना बसवून ठरवा. घरात कुठली वस्तू कुठे आहे हे त्यांनाच ठाऊक असते.

पहिली गोष्ट, पाणी आजवर कुठवर आले होते ते म्हाताऱ्यांना विचारा आणि देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर रंगाने तिथे रेघ मारा. त्या रेघेखाली घर असेल तर रात्री कुठे जायचे, आजीला कोण उचलणार, पोरे कोणाच्या हाताला, हे नावानिशी ठरलेले हवे. तसेच दावे कोण सोडणार हेही. खुंट्याला बांधलेले जनावर जागच्या जागी बुडते. मोकळे सोडले तर बैल पोहतो, उंचवटा गाठतो. गोठ्यात गाठ सुटत नाही म्हणून विळा हाताशी ठेवावा. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधीच टोचून घ्यावी.

दुसरी गोष्ट कपाशीवाल्यांच्या घरची आहे. फवारणीचे डबे माजघरात, ज्वारीच्या कणगीशेजारी असतात. त्याला आपण 'औषध' म्हणतो, पण ते विष आहे. 2017 साली यवतमाळने त्याची किंमत मोजली. पाणी घरात शिरले की हे डबे तरंगतात, फुटतात आणि सारे घरच फवारले जाते. म्हणून डबे आणि औषध लावलेले बियाणे मोठ्या झाकणाच्या पिंपात घालून आढ्याजवळ बांधा, धान्यापासून लांब. विष कालवलेल्या पाण्यात भिजलेली ज्वारी वाळवून खाऊ नये, जनावरालाही घालू नये. जीव तुटतो हे आम्ही जाणतो, तरीही.

पाणी चढत असताना मेन स्विच बंद करा आणि निघा. मोटारीच्या पेटीला हात लावू नका. पुलावरून पाणी वाहत असेल तर पलीकडे जायचे नाही, मग सोबत ट्रॅक्टर असो की बैलगाडी. गुडघाभर ओढीचे पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलते, आणि खालचा पूल जागेवर आहे की वाहून गेला हे वरून दिसत नाही. कागदांसाठी परत फिरू नका. सातबारा पुन्हा काढता येतो. पासबुक, आधार, रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र बांधून आधीच दाराशी टांगले म्हणजे झाले.

पाणी ओसरल्यावर घाई होते आणि तिथेही माणसे मरतात. पांढऱ्या मातीची भिंत पाण्यात उभी राहते आणि नंतर ऊन पडल्यावर बसते. माळवदाचे घर असेल तर वरच्या मातीचा भार भिजून आणखी वाढलेला असतो. भिंतीला बाहेरून नीट पाहिल्याशिवाय त्या घरात झोपू नका. कुठे अजून ज्वारीचे पेव असेल तर भिजल्यावर त्यात उतरू नका. आतला वायू माणसाला ओरडायचीही उसंत देत नाही. घोणस, नाग, मण्यार कडब्याच्या गंजीत आणि भांड्यांमागे आसरा घेतात. चावा झाला तर मांत्रिकाकडे नाही आणि आवळपट्टीही नाही. हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना. विहिरीचे गढूळ पाणी आधी उपसा, पण भिजलेली मोटार तपासल्याशिवाय सुरू करू नका. मग हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने चांगली ब्लीचिंग पावडर टाकून तासभर थांबा. घरात प्यायचे पाणी उकळूनच.

आता मुद्द्याचे. माणूस पुरात माघारी का फिरतो? मूर्ख म्हणून नव्हे. गोठ्यात त्याचे वर्षभराचे भांडवल बांधलेले असते म्हणून. 2022 ते 2026 साठीच्या आपत्ती निकषांत ओढकामाच्या मोठ्या जनावराला 32,000 रुपये धरले होते. या पैशात बाजारातून कामाचा बैल आणून दाखवावा, असे आमचे निकष ठरवणाऱ्यांना आव्हान आहे. शिवाय कानात बिल्ला नसेल तर राज्य सरकार तेही देत नाही; हा नियम 2024 पासून आहे. बिल्ला मारून घ्या आणि जनावराचा बिल्ल्यासकट फोटो फोनमध्ये ठेवा. पंचनाम्याला येणारा माणूस तुमच्या शब्दावर चालत नाही.

सरकारकडे आमच्या तीन मागण्या आहेत. बैलाची भरपाई बाजारभावाने द्यावी. प्रत्येक नाल्याच्या पुलावर पाण्याच्या पातळीची पट्टी आणि कठडा असावा. आणि वरच्या तलावाच्या सांडव्यावरून पाणी पडू लागले की खालच्या गावाला त्याच घटकेला कळवणे हे कोणाचे काम, ते नाव पदासकट लिहून जाहीर करावे. 'संबंधित यंत्रणा' चालणार नाही. तोवर वरच्या आणि खालच्या गावातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी एकमेकांचे फोन घेऊन ठेवावेत; जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077 आणि मदतीचा 112 हे आकडे घरातल्या भिंतीवर खडूने लिहावेत.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक शाखेने एका कागदावर तीन गोष्टी लिहून आणाव्यात: गावातली पुराची रेघ कुठे आहे, रेघेखाली किती घरे आहेत आणि त्यातल्या कोणत्या घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या किंवा अपंग माणसे आहेत. कागद नसलेल्या शाखेला त्या दिवशी भाषण करता येणार नाही.