जुन्या ट्रॉलीची ‘कॅम्पर’ करायची म्हणताय? बुलढाण्यात आधी हा हिशेब मांडा

रील तुम्हीही पाहिलं असेल. अंगणात पडलेली गंजकी ट्रॉली, ग्राइंडरच्या ठिणग्या, मग रंगाचे दोन हात, वर तंबू, आत गादी, बाजूला ओढून काढायची शेगडी. शेवटच्या सीनमध्ये डोंगरमाथ्यावर चहा. साठ सेकंदांत विषय संपला.

बुलढाणा जिल्ह्यात हे रील पाहून हात शिवशिवणं साहजिक आहे. जुन्या ट्रॉल्यांना इथे तोटा नाही. खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर, कुठेही जा, ट्रॉली बांधणारा वेल्डर सापडतोच. फिरायला जवळच लोणारचं विवर, ज्ञानगंगा अभयारण्य आणि सातपुड्याच्या पायथ्याचं अंबाबरवा. त्यात ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि मुंबई-नागपूर असा सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. म्हणजे बाहेरचा पर्यटकही आता मेहकर, सिंदखेडराजापर्यंत सरळ येतो.

मग जुन्या ट्रॉलीची कॅम्पर होते का? होते. पण वेल्डिंग हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरी अडचण वजनात, कागदात आणि मुक्कामाच्या जागेत आहे.

ट्रॉलीत राहणं आपल्याला नवीन नाही

कॅम्परचं एवढं कौतुक चालतं, पण ऊसतोड कामगारांचा अख्खा संसार वर्षानुवर्षं ट्रॉलीतून जातोय. २०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनात सिंघू आणि टिकरी सीमेवर लोकांनी ट्रॉल्यांनाच घरं केलं. खाली गवत, वर ताडपत्री, आत गाद्या, चार्जिंगची सोय. तिथून निघालेल्या वार्तापत्राचं नावच ‘ट्रॉली टाइम्स’ होतं.

पण या ट्रॉल्या ट्रॅक्टरमागे संथ चालतात आणि मुक्कामी पोहोचल्या की उभ्या राहतात. आपल्याला हवी असते ती जीपमागे साठच्या वेगाने धावणारी आणि शेवटी पांदण रस्त्याने वर चढणारी. या दोन गोष्टींत फार फरक आहे.

ट्रॅक्टरची ट्रॉली जीपला का झेपत नाही?

शेतातली लोखंडी ट्रॉली रिकामी असतानाच एक-दीड टनापर्यंत भरते. बोलेरोसारखी गाडी स्वतःच दीड टनाच्या आसपास असते. म्हणजे ओढणारा आणि ओढला जाणारा जवळपास सारख्याच वजनाचे. त्यात बहुतेक जुन्या ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. बुलढाण्याहून मोताळ्याकडे राजूर घाट उतरताना अशी ट्रॉली जीपच्या मागे येत नाही, ती जीपला ढकलते. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन, मोठी चाकं आणि कमी वेग यामुळे तिथे निभावून जातं. जीपचं तसं नाही.

दुसरा प्रश्न जोडणीचा. ट्रॅक्टरच्या हुकात पिन सैल बसते. शेतात ते बरंच असतं, खड्ड्यात ट्रॉली थोडी इकडेतिकडे वळते. पण वेगात प्रत्येक ब्रेकला त्या सैलपणाचा हिसका बसतो. म्हणून लहान ट्रेलरला गोळ्यावर बसणारी कपलिंग वापरतात आणि सोबत सुरक्षेची साखळी असते.

तिसरी गोष्ट रीलमध्ये कधीच सांगत नाहीत: वजन कुठे ठेवायचं. जगभर वापरला जाणारा ठोकताळा असा की ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावर यावा. सगळं सामान चाकांच्या मागे गेलं की दांडा हलका होतो आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. एकदा डोलायला लागला की चालकाच्या हातात फार काही उरत नाही. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, त्यामुळे टाकी मागच्या कोपऱ्यात ‘जागा उरली म्हणून’ बसवणं हा महागात पडणारा उद्योग आहे. टाकी आसावर किंवा किंचित पुढे हवी.

म्हणूनच ज्यांना खरंच कच्च्या रस्त्याने जायचंय त्यांनी मोठ्या ट्रॉलीचा नाद सोडावा, असं माझं मत. जीपमागच्या ट्रेलरची कल्पना दुसऱ्या महायुद्धातली आहे. अमेरिकी सैन्याच्या विलीज जीपमागे पाव टनाचा छोटा ट्रेलर असायचा. तीच विलीज जीप १९४७ पासून महिंद्राने मुंबईत जोडायला घेतली. त्या ट्रेलरचं शहाणपण त्याच्या आकारात होतं. चाकांमधलं अंतर जीपएवढं, त्यामुळे जीप जिथून गेली तिथून तोही जायचा. झोपायचं तंबूत, ट्रेलरमध्ये फक्त सामान.

आता कागद

ट्रेलरला इंजिन नाही म्हणून तो ‘वाहन’ नाही, असा एक लाडका गैरसमज आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. त्यामुळे कलम ५२ त्यालाही लागू होतं: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि प्रत्यक्ष वाहन यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ लावताना उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेच्या विरोधात बदल चालणार नाही, असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिलं. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

दंडापेक्षा मोठी भीती विम्याची आहे. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं होतं. वीटभट्टीसाठी माती वाहणाऱ्या ट्रॉलीवरून मजूर पडून जखमी झाला. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठीचा, ट्रॉलीचा विमाच नव्हता. न्यायालयाने विमा कंपनीची जबाबदारी नाकारली. मजूर गरीब होता म्हणून कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश झाला. म्हणजे शेवटी भुर्दंड मालकालाच. शेतीच्या नावावरची ट्रॉली पर्यटनाला नेली आणि काही झालं, तर तुमची बाजू याहून भक्कम नसेल.

गंमत अशी की सरकारला कॅम्पर नको आहे असं अजिबात नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं आणि त्यात टेन्ट ट्रेलर, कॅम्पर ट्रेलर असे प्रकार नावानिशी आहेत. वाहन नोंदणीतही कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर असा वेगळा वर्ग आहे. पण हे सगळं तयार गाडी विकत घेणाऱ्याला सोयीचं आहे. घरच्या जुन्या ट्रॉलीतून काही करू पाहणाऱ्या तरुणाला त्या वर्गापर्यंत पोहोचायची सोपी वाट धोरण दाखवत नाही. म्हणून ग्राइंडर हातात घेण्याआधी ट्रॉलीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि कागदावर काढलेलं साधं रेखाचित्र घेऊन बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात जावं. मंजुरी आधी, काम नंतर. उलटं केलं तर कापलेलं लोखंड परत जोडता येत नाही.

माणसं आत बसवायची नाहीत

यावर चर्चाच नको. कॅम्पर ट्रेलर झोपायला असतो, चालू असताना बसायला नाही. २० ऑगस्ट २०२१ ला सिंदखेडराजा तालुक्यात तढेगावजवळ लोखंडी सळ्या आणि मजूर एकत्र नेणारा टिप्पर उलटला आणि १३ मजूर गेले. ४ एप्रिल २०२५ ला नांदेडच्या आलेगावात ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत कोसळली, शेतमजुरीला निघालेल्या ७ महिला बुडाल्या. मालाच्या वाहनात माणूस हा मालासारखाच फेकला जातो.

उभ्या ट्रेलरमध्येही एक गोष्ट विसरू नका: दुसरा दरवाजा. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धीवर याच जिल्ह्यात खासगी बस दरवाजाच्या बाजूने उलटली, पेटली आणि २५ प्रवासी आत अडकून गेले. खोक्यासारखी केबिन बांधणार असाल तर समोरासमोर दोन वाटा ठेवा. गॅसचा सिलिंडर झोपायच्या जागेत नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून त्याच्या कप्प्याला खालून भोकं हवीत. आणि थंडीत दार लावून आत शेगडी पेटवायची नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि उभी कुठे करायची?

मनातल्या तिन्ही जागा, लोणार, ज्ञानगंगा, अंबाबरवा, अभयारण्यं आहेत. लोणार सरोवर तर २०२० पासून रामसर स्थळही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश नाही, मुक्काम तर दूरच, आणि अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं गुन्हा आहे. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला टी१सी१ वाघ शेकडो किलोमीटर चालून ज्ञानगंगेतच येऊन थांबला होता. ‘इथे कोण बघतंय’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

उरतं ते शेत. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, मालकाच्या परवानगीने, विहिरीचं पाणी आणि संडासाची सोय असलेलं शेत. लोणार किंवा बोथ्याच्या बाजूच्या शेतकऱ्याने दोन-चार ट्रेलर उभे राहतील एवढी जागा मुरूम टाकून पक्की केली, तर ट्रॉली बदलण्यापेक्षा कमी भानगडीत त्याला चार पैसे मिळू शकतात. मुरूम मात्र टाकाच. आपली काळी माती एका पावसात चाक आसापर्यंत गिळते, आणि मग कॅम्पर बाहेर काढायला शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.