दीडशे मीटरची किंमत

दादर स्टेशनच्या पश्चिमेला भाजीचे वाटे लावून बसणाऱ्या एका मावशींकडून मी कित्येक वर्षे भाजी घेत असे. ‘सुटे उद्या द्या’, असे त्या म्हणत आणि मीही देत असे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. (तो पूल अरुंद होता, हा काही भाजीवाल्यांचा दोष नव्हे.) त्यानंतर १ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाले नकोत, असे बजावले. मावशी आतल्या गल्लीत गेल्या.

दीडशे मीटर म्हणजे चालत दोन मिनिटे. पण लोकलमधून घामाघूम होऊन उतरलेला माणूस दोन मिनिटांचीही वाकडी वाट करीत नाही. हे मी स्वतःवरून सांगतो. पहिल्या आठवड्यात दोनदा गेलो, मग घराजवळच्या दुकानातून भाजी घेऊ लागलो. चार पैसे जास्त गेले, इतकेच.

मावशींचे तसे नव्हते. पालेभाजी संध्याकाळपर्यंत खपली नाही तर नफाच नव्हे, भांडवलही कोमेजते आणि पहाटे उचललेल्या मालाची उधारी तशीच राहते. उद्या त्यांना मंडईत पक्का गाळा दिला, तरी गाळ्याबरोबर गिऱ्हाईक थोडेच मिळते! शिवाय त्या जेवायला उठल्या की शेजारची फुलवाली त्यांच्या मालावर लक्ष ठेवी. ती फुलवाली भलत्याच गल्लीत गेली. हे नुकसान कुठल्या पंचनाम्यात लिहायचे?

पदपथ चालणाऱ्यांचा आहे, हे मला मान्य आहे. म्हाताऱ्या आईचा हात धरून त्या गर्दीतून जाताना मीही फेरीवाल्यांच्या नावाने बोटे मोडली आहेत. रस्त्यावर व्यवसाय करणे हा हक्क आहे, पण अमुकच जागा मिळावी हा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात सांगितले. पण २०१४ चा फेरीवाला कायदा पुढे जातो. स्थलांतर शक्यतो टाळावे आणि केलेच तर विक्रेत्याची कमाई निदान पूर्वीइतकी तरी राहावी, असे त्याच्या परिशिष्टात म्हटले आहे.

ती राहिली की नाही, हे पाहायचे तर सहा महिन्यांनी वही घेऊन नव्या जागी जावे लागेल आणि ‘आज किती खपले?’ असे विचारावे लागेल. मावशींना मी तरी ते कधी विचारले नाही.