गाण्याला कात्री लावताना

लग्नसराईच्या दिवसांत घराघरांतील संगणकांवर एक नवे काम चाललेले असते. ‘संगीत’च्या कार्यक्रमासाठी गाणी निवडली जातात आणि लगेच ती लहान करण्यास सुरुवात होते. काका-काकूंच्या नाचाला दीड मिनिट, वधूच्या मैत्रिणींना तीन मिनिटे, आजी-आजोबांच्या प्रवेशाला चाळीस सेकंद, असा हिशेब मांडला जातो. पाच-सहा मिनिटांच्या गाण्यातून मुखडा आणि एक अंतरा ठेवून बाकीचे काढून टाकण्याचे काम घरातील एखाद्या महाविद्यालयीन मुलाकडे येते. त्याच संगणकावर आजोबांनी जमवलेली नाट्यपदे असतात, कॅसेटवरून उतरवून घेतलेली स्तवने असतात आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या आवाजातील जुनी ध्वनिमुद्रणेही असतात. कात्री एकदा हातात आली की ती सर्वांवर सारखीच चालते. म्हणूनच या साध्या वाटणाऱ्या कामाचा थोडा सविस्तर विचार होणे इष्ट आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावयास हवे की गाण्याची लांबी ही बहुतेक वेळा साधनाने ठरवलेली असते. दर मिनिटाला ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे वाजत असे. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा मैफलीत तासभर रंगणारा राग त्यांना या तीन मिनिटांत मांडावा लागला. बालगंधर्वांची नाट्यपदे रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत दीर्घकाळ रंगत. तबकडीवर मात्र तीच पदे तीन मिनिटांत आटोपतात. केसरबाई केरकर यांची ‘जात कहां हो’ ही भैरवीतील रचना सुमारे साडेतीन मिनिटांचीच आहे आणि १९७७ मध्ये अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत तिला स्थान मिळाले आहे. पुढे १९४८ मध्ये दीर्घ मुद्रणाची तबकडी आली आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक काळ गाणे मावू लागले. कॅसेटने अर्धा ते पाऊण तास दिला. संगणकावर तर ही मर्यादा व्यवहारतः उरलीच नाही.

तेव्हा लहान गाणे म्हणजे हिणकस गाणे, असे मुळीच नाही. मात्र त्या थोर गायकांनी केलेला संक्षेप आणि आज आपण करतो ती काटछाट यांत एक भेद आहे. तीन मिनिटांची मर्यादा आधीच ठाऊक असल्यामुळे गायक आलाप किती घ्यावा, तान कोठे घ्यावी, समाप्ती कशी करावी हे स्वतः ठरवून गात असे. रचना लहान असली तरी तिला आरंभ, मध्य आणि शेवट असे. आपण मात्र पूर्ण रचनेतून एक तुकडा उचलतो. त्या तुकड्याला आरंभ व शेवट देण्याची जबाबदारी मग कात्री चालवणाऱ्यावर येते.

या जबाबदारीचा पहिला भाग तालाचा आहे. केरव्याचे आवर्तन ८ मात्रांचे, दादऱ्याचे ६ मात्रांचे, तर तीनतालाचे १६ मात्रांचे असते. अंतरा काढून टाकावयाचा असेल तर आवर्तनाच्या ज्या मात्रेवर गाणे तोडले, त्याच मात्रेवर ते पुढे जोडले पाहिजे. मुखडा पुष्कळदा समेच्या आधीच उचललेला असतो. म्हणून शब्दाच्या आरंभावर नजर ठेवून कापण्यापेक्षा ठेका मोजून कापणे अधिक सुरक्षित. मात्रा अर्ध्या सेकंदाची असेल तर केरव्याचे एक आवर्तन चार सेकंदांत पूर्ण होते. या हिशेबात एका मात्रेची चूक झाली, तर ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण नाचणाऱ्याचे पाऊल मात्र हमखास अडखळते.

दुसरा भाग जोडाचा. ध्वनीची लहर वर किंवा खाली असताना मधेच तोडली, तर जोडाच्या ठिकाणी ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. लहर शून्यरेषेला स्पर्श करते त्या बिंदूवर कापले, अथवा दोन्ही तुकडे क्षणभर एकमेकांत मिसळू दिले, की हा दोष जातो. ऑडॅसिटीसारख्या मोफत मिळणाऱ्या प्रणालीत या दोन्ही सोयी आहेत. शेवटी गाणे एकदम थांबवण्याऐवजी तीन-चार सेकंदांत आवाज हळूहळू उतरवत नेला तर कान सुखावतो; मात्र नाच संपण्याचा क्षण ठळक हवा असेल तेथे समेवर थांबणेच उत्तम.

शांतता आपोआप शोधून काढून टाकणारी साधनेही मिळतात. शेकडो गाण्यांच्या आरंभीची रिकामी जागा ती एका फटक्यात काढतात, म्हणून त्यांचा मोह पडतो. परंतु अशा साधनाला ठराविक पातळीखालचा प्रत्येक आवाज ‘शांतता’ वाटतो. तानपुऱ्याची मंद झंकार, आलापातील धीमा पहिला स्वर, भजनातील दोन ओळींमधला विसावा हे सारे त्याच्या लेखी रिकामेच ठरते. जुन्या, हलक्या आवाजात मुद्रित झालेल्या गाण्यांवर असे साधन लावणे म्हणजे धान्य न पाहता चाळण मारण्यासारखे आहे.

आता फाइलचा विचार. सीडीवरील ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी नोंदलेला असतो आणि त्याच्या एका मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. एमपीथ्री पद्धतीत, १२८ किलोबिटच्या दराने, तेच मिनिट सुमारे एका मेगाबाइटमध्ये बसते. ही बचत साधण्यासाठी कानाला सहसा न जाणवणारा भाग कायमचा टाकून दिलेला असतो. एमपीथ्री फाइल साध्या पद्धतीने उघडून, कापून, पुन्हा एमपीथ्री म्हणूनच जतन केली की हे टाकणे दुसऱ्यांदा घडते. तिसऱ्या वेळी तिसऱ्यांदा. छायाप्रतीची छायाप्रत काढत गेल्यावर अक्षरे पुसट होत जातात, तसाच हा प्रकार. यावर उपाय दोन आहेत. एमपीथ्री फाइल ही लहान-लहान चौकटींची साखळी असते. प्रत्येक चौकटीत १,१५२ नमुने, म्हणजे सेकंदाचा सुमारे चाळिसावा भाग असतो. एमपीथ्री-डायरेक्टकटसारखे साधन या चौकटींच्या सांध्यावरच कापते, पुन्हा संकोच करत नाही, त्यामुळे उरलेला ध्वनी जसाच्या तसा राहतो. दुसरा उपाय म्हणजे मूळ सीडी वा पूर्ण दर्जाची फाइल हाताशी असेल तर तिच्यावरच सर्व काम करावे आणि एमपीथ्री प्रत अगदी शेवटी, एकदाच काढावी.

काही ठिकाणी तर कापण्याची गरजच नसते. आयट्यून्समध्ये प्रत्येक गाण्याच्या माहितीत ते कोठे सुरू व्हावे आणि कोठे थांबावे, ही वेळ नोंदवण्याची सोय होती. ॲपलच्या संगणकांवरील आजच्या म्युझिक ॲपमध्येही ती आहे. आरंभीची अर्ध्या मिनिटाची टाळ्यांची गजबज ऐकावयाची नसेल तर तीस सेकंदांपासून प्रारंभ अशी नोंद करावी. फाइल अखंड राहते, ऐकताना मात्र नको तो भाग वगळला जातो. उद्या मन बदलले तर नोंद पुसली की पूर्ण गाणे परत मिळते.

व्यापारी घराण्यांना हे तत्त्व नवे नाही. रोजमेळात खाडाखोड करावयाची नसते, हा पेढीचा जुना दंडक. चूक झाली तर उलट नोंद करून ती दुरुस्त करतात. मूळ नोंद वाचता येईल अशीच राहते. त्या रोजमेळावरून खतावणी हवी तशी मांडावी, हवे तितके गोषवारे काढावेत. गाण्यांच्या संग्रहातही मूळ फाइल हा रोजमेळ आणि कापलेली प्रत हा गोषवारा समजावा. गोषवारा हरवला तर पुन्हा काढता येतो. रोजमेळच फाडला तर हिशेब कशावरून लावणार?

बाजारात मिळणाऱ्या गाण्यांपुरते पाहिले तर ही काळजी काहीशी जास्तीची वाटेल. चित्रपटगीत बिघडले तर ते पुन्हा मिळते. परंतु घरातच झालेल्या मुद्रणांची दुसरी प्रत जगात कोठेही नसते. १९८०-९० च्या दशकांत कॅसेटवर भरलेले आजीचे स्तवन आज अनेक घरांत संगणकावर उतरवले जात आहे. त्यात गाण्याआधी मिनिट-दीड मिनिट काही ना काही चाललेले असते. कोणी ‘आता म्हण’ असे सांगते, आजी घसा साफ करते, कडव्याचा क्रम विचारते, आतून भांड्यांचा आवाज येतो, एखादे मूल रडते. संग्रह नीटनेटका करू पाहणाऱ्या नातवाला हा सगळा केर वाटतो. तो स्तवनाच्या पहिल्या अक्षरापासून फाइल सुरू करतो, मूळ फाइलवरच जतन करतो आणि कॅसेट तर आधीच टाकून दिलेली असते. स्तवन उरते. आजीचा बोलण्याचा आवाज, तिला सूचना देणाऱ्या आजोबांचा आवाज आणि ज्या मुलाचे रडणे ऐकू येत होते त्या आजच्या कर्त्या पुरुषाचे बालपण, हे सारे त्या दीड मिनिटासह जाते. स्तवन दुसऱ्या कोणाच्या कंठातून पुन्हा ऐकता येईल. ते दीड मिनिट कोणीही पुन्हा म्हणू शकणार नाही.

गौहर जान यांच्या तबकड्यांतही असेच एक ‘अनावश्यक’ वाटणारे शेपूट आहे. गाणे संपताच त्या इंग्रजीतून आपले नाव सांगतात. मुद्रणे तेव्हा जर्मनीतील हॅनोव्हर येथे तबकडीसाठी जात आणि तेथील कारागिरांना गायिका कोण हे कळावे, हा त्यामागील व्यावहारिक हेतू होता. गाण्याच्या दृष्टीने त्या दोन-तीन सेकंदांची काही गरज नाही. तरी आज शंभराहून अधिक वर्षांनंतर श्रोते नेमक्या त्या शेवटच्या वाक्याची वाट पाहतात, कारण तेथे गायिका गाणे सोडून स्वतः बोलते.

कायद्यानेही या विषयाकडे समंजसपणे पाहिले आहे. भारतीय प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या सादरीकरणाचा विपर्यास रोखण्याचा हक्क मिळाला. त्याच तरतुदीत स्पष्ट केले आहे की संपादनासाठी किंवा मर्यादित वेळेत बसवण्यासाठी एखादा भाग केवळ वगळणे, एवढ्याने कलावंताच्या लौकिकाला बाध येतो असे मानले जाणार नाही. म्हणजे वेळेसाठी छाटणे आणि अर्थ बिघडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भक्तिपदाचे अर्धे कडवे तोडून उरलेल्या ओळीला भलताच अर्थ येऊ देणे हे कायद्याच्या आधीच सुजाणपणाला न पटणारे आहे. म्हणून कडवे ठेवावे तर पूर्ण ठेवावे, वगळावे तर पूर्ण वगळावे.

घरच्या संग्रहाची व्यवस्था लावताना पुढील क्रम उपयोगी पडेल. ‘मूळ’ आणि ‘संक्षिप्त’ असे दोन स्वतंत्र कप्पे करावेत. मूळ कप्प्यातील फाइल केवळ वाचता येईल, बदलता येणार नाही, अशी करून ठेवावी आणि तिची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी असावी. कापताना नेहमी प्रतीवर काम करावे व जतन करताना नवे नाव द्यावे. त्या नावात गाणे, गायक आणि ‘संक्षिप्त’ हा शब्द असावा. फोनवर ध्वनिमुद्रण छाटताना मूळ फाइल बदलावी की नवी प्रत करावी असा प्रश्न येतो, तेथे नवी प्रत निवडावी. घरगुती मुद्रणांच्या नावात वर्ष, गाव आणि ऐकू येणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहावे. हे आवाज ओळखणारी माणसे घरात आहेत तोवरच ही नोंद होऊ शकते. म्हणून सुट्टीच्या एखाद्या दुपारी वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून या कामाला सुरुवात करावी. संगीताच्या कार्यक्रमाची दीड मिनिटांची गाणी त्यानंतर निर्धास्तपणे कापता येतील.