डेल पिएरो भारतात येऊन गेला, आमच्या पोट्ट्यांना मैदान कधी?

परवा रविवारी सकाळी मैदानावर चक्कर मारली. दहा-बारा पोट्टे बॉल घेऊन कडेला उभे. आत कुठल्याशा प्रदर्शनाचा मंडप. एकाला विचारलं, का रे, खेळत नाही? म्हणाला, "सर, मंडप हाय ना आठ दिवसापासून. निघाला का खड्डे बुजवाव लागते. मंग खेळू."

त्याच्या पाठीवर दहा नंबर होता, मेस्सीचा. मी विचारलं, डेल पिएरो माहीत आहे का? "कोन?"

चूक त्याची नाही. तो जन्मलाही नव्हता तेव्हाची गोष्ट आहे. जुलै 2006. आपल्याकडे लोडशेडिंगचे दिवस. वर्ल्डकपची सेमीफायनल, इटली विरुद्ध जर्मनी. लाइट राहील का, याच धाकात आम्ही चार जण जागे होतो. पहाटे तीनच्या सुमारास, एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटी अलेस्सांद्रो डेल पिएरोनं दुसरा गोल मारला आणि यजमान जर्मनी घरी गेली. पाच दिवसांनी इटली जगज्जेती झाली. फायनलच्या पेनल्टीतही त्यानं आपला गोल केला.

आता पुढचं बघा. पंचांच्या नेमणुकीत ढवळाढवळ केल्याच्या प्रकरणात त्याच्या युव्हेंटस क्लबला त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या श्रेणीत ढकललं गेलं. बडे खेळाडू क्लब सोडून गेले. हा गेला नाही. वर्ल्डकप जिंकलेला माणूस दोन-तीन महिन्यांत दुसऱ्या श्रेणीत लहान गावांच्या क्लबांविरुद्ध खेळायला उतरला. त्या मोसमात तिथं सर्वाधिक गोल त्याचेच. युव्हेंटस वर आलं, तर पुढच्या वर्षी पहिल्या श्रेणीतही सर्वाधिक गोल त्याचेच. 1993 ते 2012, एकोणीस वर्षं एकच क्लब. 705 सामने, 290 गोल.

हा माणूस कुठला? सान व्हेंदेमियानो नावाच्या गावचा. वस्ती दहा हजारांच्या आसपास. आपलं यवतमाळ शहर लाखाच्या वर आहे. वडील इलेक्ट्रिशियन. आईचं म्हणणं, पोरानं गोलकीपर व्हावं, म्हणजे घाम येणार नाही, आजारी पडणार नाही! तो आधी गावच्याच क्लबात खेळला. तेराव्या वर्षी पाडोव्हा क्लबनं नेला, तिथून युव्हेंटस. म्हणजे पहिली पायरी गावातच होती. दहा हजारांच्या गावात क्लब होता आणि क्लबाला मैदान होतं.

हाच डेल पिएरो 2014 साली भारतात आला. आयएसएलचं पहिलं वर्ष. वय एकोणचाळीस-चाळीस. दिल्ली डायनामोजकडून दहा सामने खेळला, गोल एक. त्याचा युव्हेंटसमधला जुना जोडीदार त्रेझेगे आपल्या पुण्याच्या संघात होता. पुण्याचा कोचही इटालियन, फ्रँको कोलोंबा. दिल्ली आणि पुण्याचा पहिलाच सामना एकमेकांशी झाला, 0-0. पोस्टर लागले, पेपरात फोटो आले. आम्हीही छापले, खोटं कशाला बोलू?

पाच वर्षांनी काय उरलं? 2019 मध्ये पुण्याचा संघ बंद पडला, त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. दिल्लीचा संघ उठून भुवनेश्वरला गेला, नावही बदललं. डेल पिएरोचा इथे काही दोष नाही. तो करार करून आला, खेळला, गेला. पण ज्याची सगळी कारकीर्द 'टिकून राहा' हे सांगते, त्याला आपण अडीच महिन्यांच्या मोसमापुरतं आणलं आणि त्यालाच फुटबॉलचा विकास म्हटलं.

गंमत बघा. त्याच ऑक्टोबर 2014 मध्ये टीव्हीवर 'सत्यमेव जयते'त आपल्या नागपूरचे विजय बारसे सर दिसले. झोपडपट्टीतली पोरं पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहून त्यांनी 'स्लम सॉकर' उभं केलं. पुढे त्यावरच 'झुंड' आला. तिकडे कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला. दोन्हीकडे आधी विदेशी स्टार आला नव्हता. मैदान होतं आणि रोज येणारा माणूस होता.

आपल्या जिल्ह्यात पोट्टे कमी आहेत का? पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा, कुठेही संध्याकाळी बघा. पण शालेय स्पर्धा बाद पद्धतीची. पहिला सामना हरले की पोरांचं वर्ष संपलं. मैदानावर आज सभा, उद्या मीना बाजार, परवा प्रदर्शन. भाडं जमा होतं, खड्डे पोरांच्या वाट्याला.

माझं म्हणणं साधं आहे. एक, प्रत्येक तालुक्यात एक मैदान फक्त खेळासाठी राखा, तिथे मंडप नाही म्हणजे नाही. दोन, बाकी मैदानं भाड्यानं देताना अनामत घ्या, खड्डे बुजवल्याशिवाय परत देऊ नका. तीन, शाळांची छोटी साखळी स्पर्धा घ्या, प्रत्येक संघाला वर्षात आठ-दहा सामने मिळू द्या. याला कोटी लागत नाहीत. बक्षीस वाटायला हिरो-हिरोईन आणण्याचा खर्च वाचवला तरी साखळी स्पर्धा निघेल.

कोणी म्हणेल, शेतकरी मरतोय आणि तुम्हाला फुटबॉल सुचतो? भाऊ, त्याच शेतकऱ्याची पोरं कडेला उभी आहेत. संध्याकाळी दोन तास त्यांना हक्काची जागा द्यायची नाही आणि मग पोरं मोबाईलवर, पानटपरीवर दिसली की त्यांनाच नावं ठेवायची, हा कुठला न्याय?

नगरपरिषदेसाठी मत मागायला कोणी दारात आलं तर रस्ता-नालीसोबत एवढं विचारा: मैदान कोणाचं?

तुमच्या गावच्या मैदानाची आज काय अवस्था आहे, खाली लिहा. फोटो टाका. मी एकेक घेऊन बातमी करतो.