डाउनलाइनचा हिशेब
छत्रपती संभाजीनगरच्या सिडको-हडकोतल्या हळदीकुंकवाला हल्ली वाणाबरोबर प्रोटीन पावडरचा डबाही निघतो. ‘घरबसल्या वीस-पंचवीस हजार कुठे गेले नाहीत वहिनी, फक्त सहा जणी जोडा.’ या सहांनी प्रत्येकी सहा, त्यांनी पुन्हा सहा, असं करत गेलं तर आठव्या पायरीला 16,79,616 माणसं लागतात. 2011च्या जनगणनेत आपल्या शहरात भरली जेमतेम पावणेबारा लाख, तीही तान्ह्या बाळांसकट! म्हणजे कमाई वरच्या दोन-चार पायऱ्यांची. खालची बाई महिन्याचे पॉइंट भरावेत म्हणून स्वतःच माल उचलते आणि दिवाणाखाली शाम्पू-टूथपेस्ट साठत जाते. कमिशनचा मेसेज आला की पेढे. त्यातून रिक्षाभाडं, मीटिंगचं तिकीट, फुकट वाटलेले नमुने वजा करायला कोणी बसत नाही. सोसायटीत चार नेहमीची गिऱ्हाइकं बांधलेली बाई दोन पैसे मिळवते, नाही असं नाही. पण ती रोज जिने चढते, घरी बसत नाही. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे लाटलेल्या पापडाचे पैसे मिळतात, ओढून आणलेल्या मैत्रिणीचे नाही. डिसेंबर 2021च्या केंद्राच्या नियमांनी पिरॅमिड योजनांवर बंदी घातली, त्यामुळे आता प्रत्येक जण ‘आमची तशी नाही हं’ म्हणूनच सुरुवात करतो. त्याला एवढंच विचारा : न खपलेला माल परत घेणार का, आणि ते लिहून देणार का?